पिरॅमिड, नांगर आणि भांग

पानावर तीन चित्रं आहेत. वर एक, खाली दोन. नुसत्या काळ्या रेघा, रंग नाहीत. वर पिरॅमिड. खाली एका बाजूला ताडासारखं सरळसोट, डोक्यावर झावळ्यांचा झुबका असलेलं झाड, दुसऱ्या बाजूला थंड मुलखातलं सूचीपर्णी झाड. समोरच्या माणसाला एवढंच विचारायचं, की वरच्याचं खालच्यांपैकी कोणाशी जमतं. त्याने बोट ठेवायचं. नाव सांगायचं नाही, कारण तर मुळीच द्यायचं नाही.

डेव्हिड हॉवर्ड आणि कॅरलिन पॅटरसन या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९९२ साली ही चाचणी छापली. अशी बावन्न त्रिकुटं. चाचणीचं नावही याच पानावरचं, ‘पिरॅमिड्स अँड पाम ट्रीज’. डोळे मिटून बोट ठेवत गेलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येणार, त्यामुळे सव्वीस गुण म्हणजे शून्यच. ज्याची वाचा गेली आहे त्याच्याकडे शब्दामागचा अर्थ तरी शिल्लक आहे का, हे या पानांवरून कळतं. अर्थ विचारायचा आणि तोंड उघडायला लावायचं नाही, ही त्यातली खुबी.

मी दहावीला मराठी शिकवते. वर्षानुवर्षं मुलांकडून रसग्रहणं लिहून घेतली आहेत. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य असे तीन खण, आणि प्रत्येक खणात आधीच भरून ठेवलेली वाक्यं. कविता कोणतीही येवो, कवीने साध्यासोप्या शब्दांत मोठा आशय मांडलेला असतोच. पेपर तपासताना मला दरवर्षी वाटतं, की यांना एकदा शब्द नसलेलं काहीतरी द्यावं आणि म्हणावं, आता करा रसग्रहण. ते त्रिकूट मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हेच ते. तेव्हा आधी मीच करून बघते.

‘बरोबर’ उत्तर झावळ्यांचं झाड. पिरॅमिड इजिप्तचा, इजिप्तात वाळू, वाळूत खजूर. पिरॅमिडचं झाडाशी तसं काही नातं नाही, एका मुलखात राहतात एवढंच. शेजारधर्म म्हणा. आता दुसरं झाड बघा. सूचीपर्णी झाड खाली रुंद, वर निमुळतं होत टोकाला गेलेलं. पिरॅमिडही तसाच. डोळ्यांना विचारलं तर जोडी या दोघांची, त्रिकोणाला त्रिकोण. चित्रकाराच्या मनात काय होतं ते सोडा. पानावर मात्र दोन नाती एकमेकांसमोर उभी आहेत. एक दिसण्याचं, एक सोबतीचं. आपलं बोट क्षणभर हवेत थांबतं ते तिथे.

रोमान याकोबसन हा भाषाशास्त्रज्ञ १९५६ साली नेमकं या दोन नात्यांबद्दल लिहून गेला, आणि तेही वाचाघाताच्या संदर्भात. त्याचं म्हणणं असं, की बोलताना आपण दोन कामं करतो. सारख्या शब्दांतून एक निवडतो आणि निवडलेले शब्द एकापुढे एक जोडतो. मेंदूला मार बसला की कोणाचं निवडणं बिघडतं, कोणाचं जोडणं. निवड बिघडलेला माणूस सोबतीच्या आधाराने चालतो, सुरीऐवजी काटा म्हणतो. जोडणं बिघडलेला सारखेपणाच्या आधाराने चालतो. पहिल्याची चूक लक्षणेच्या वळणाची, दुसऱ्याची रूपकाच्या. वाचाघाताचे इतके स्वच्छ दोन भाग प्रत्यक्षात पडत नाहीत हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण कवितेचा आणि रुग्णालयाचा दरवाजा एकाच भिंतीत आहे हे त्याने दाखवलं, आणि तो दरवाजा माझ्या फार उपयोगी पडला.

उपयोगी पडला तो नवापुरात, मामाच्या पडवीत.

नवापूर माझं आजोळ. बोईसरला उतरायचं, कारखाने मागे टाकत रिक्षाने पश्चिमेला निघायचं, आणि रसायनांच्या वासाची जागा सुक्या मासळीच्या वासाने घेतली की गाव आलं. मामाचा जन्म डोलीवर गेला. डोल म्हणजे वाहत्या पाण्यात तोंड उघडं ठेवून बांधलेलं पिशवीसारखं जाळं. पाण्याला ओढ असेल तर मासा आपसूक आत. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे मामाचा उजवा हात चहाच्या कपापर्यंत पोहोचला आणि तिथेच राहिला. तोंडातून शब्द येईना. गाव म्हणालं लकवा, डॉक्टर म्हणाले स्ट्रोक, आणि बोलण्याचं जे झालं त्याला अफेझिया. मराठीत वाचाघात. स्ट्रोकमधून वाचलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला हा होतो. हात हळूहळू वर यायला लागला. शब्द मात्र आपल्या मर्जीने येऊ लागले.

त्या शब्दांतला एक इथे जरा जवळून बघायचा आहे.

मार्गशीर्षातली दुपार. मामा पडवीत खुर्चीवर, मामी आत. मामाने समुद्राच्या बाजूला मान वळवली आणि म्हणाला, “चांदी... चांदी आली?” मामी बाहेर आली. तिला वाटलं, कपाटातल्या जोडव्यांबद्दल विचारतोय. ती आत जाऊन डबी घेऊन आली. मामाने डाव्या हाताने कपाळावर थाप मारली, डबी बाजूला सारली आणि हाताचा पंजा उभा करून पाण्यातून सळसळत गेल्यासारखा हलवला. तेव्हा मामीच्या डोक्यात प्रकाश पडला. “पापलेट? पापलेट विचारता?” मामाने डोळे मिटले. आलं ते उत्तर.

आता हे ‘चांदी’ काय आहे? माझ्यातल्या मास्तरणीला राहवेना. पापलेट चांदीसारखं चमकतं, म्हणजे रूपक. पापलेट मिळालं की पैसा मिळतो, म्हणजे लक्षणा, कारणाच्या जागी कार्य. शिवाय ‘चांदी झाली’ असं आपण नफ्याला म्हणतोच, म्हणजे वाक्प्रचाराचा तुकडा सुटून आलेला. (२०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मामाचा शब्द त्या मानाला शोभतोही.) पानिपताहून आल्याचं सांगतात त्या पत्रातही मोती, मोहरा आणि खुर्दा असे शब्द होते, आणि ते वाचणाऱ्याला माणसं मोजायची होती. धातू बोलायचा आणि जीव समजायचा, ही आपली जुनी रीत.

पण इथे मीच मला थांबवलं. पानिपतचं पत्र लिहिणाऱ्याकडे खरा शब्द होता, त्याने तो झाकला. कवीकडेही पापलेट असतं, म्हणून तो चांदी निवडतो. मामाकडे चांदीच उरली होती. त्याने कपाळाला हात लावला तो प्रतिभेच्या कौतुकाने नव्हे. वाचाघाताच्या चुका सुंदर असतात असं कोणी म्हणालं की मला तो हात आठवतो. रसग्रहण करायचं तर त्या हातासकट करायला हवं.

तरी एक गोष्ट खरी. चुकीचा शब्द कुठूनही आलेला नव्हता. तो पापलेटच्या शेजारून आला होता. खुर्ची आली नाही, पाऊस आला नाही. म्हणजे मामा अर्थाच्या योग्य गल्लीत उभा होता, दार तेवढं पलीकडच्या घराचं वाजलं. अर्थ जागेवर असेल तर मग तुटलं काय?

या प्रश्नाची गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होते. १८६१ साली पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे लेबोर्न नावाचा रुग्ण आला. त्याला सगळं कळायचं, पण तोंडातून फक्त ‘तान’ निघायचं, बहुतेकदा ‘तान तान’, आणि फारच संतापला तर एक शिवी. काही दिवसांत तो वारला. ब्रोकाने मेंदू उघडून पाहिला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात खालच्या अंगाला खड्डा. बोलण्याची जागा सापडली असं जगाने ठरवलं आणि पुढे बराच काळ मेंदूचे नकाशे मुख्यतः जागांचे झाले. ही इथली वस्ती बोलण्याची, ती तिथली समजण्याची.

ब्रोकाने मात्र एक शहाणपणाचं काम केलं होतं. त्याने तो मेंदू कापला नाही, तसाच जपून ठेवला. त्यामुळे २००७ साली नीना ड्रॉंकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो एमआरआय यंत्रात घालता आला. दिसलं असं, की इजा वरच्या खड्ड्यापुरती नव्हतीच. ती आत खोल गेली होती, एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या लांब तंतूंच्या जुडग्यापर्यंत. ब्रोकाने वस्ती पाहिली होती. तिच्याखालून जाणारा रस्ताही उखडला गेला होता, आणि तो वरून दिसत नव्हता.

नवापुरात हे समजवायला मला फार कष्ट पडले नाहीत. किनाऱ्याने काही किलोमीटर वर गेलं की तारापूरचं अणुवीज केंद्र. देशातलं पहिलं, १९६९ पासूनचं. वीज तयार होते ती जवळजवळ दाराशी. तरी वादळात तार तुटली की गावात अंधार होतोच. तेव्हा अणुभट्टी बंद पडली असं कोणी म्हणत नाही. “लाइन गेली” म्हणतात. मामीला मी म्हटलं, मामाची लाइन गेलीय. ती म्हणाली, “मग वायरमन कधी येणार?” तिला पुढचं सांगणं भाग पडलं.

मेंदूचा वरचा पापुद्रा करडा, तिथे पेशींची वस्ती. आतलं पांढरं ते तंतूंचं. त्यांच्यावर चरबीचं वेष्टण असतं म्हणून पांढरं दिसतं. या तंतूंची जुडगी आता जिवंत माणसाच्या मेंदूत पाहता येतात. पाण्याचे रेणू तंतूच्या आडवे कमी सरकतात, तंतूच्या दिशेने जास्त, आणि यंत्र ती सरक टिपून रस्त्यांचा माग काढतं. एक जुडगं धनुष्यासारखं वळून कानामागून कपाळाकडे वरून येतं. त्याचा संबंध मुख्यतः उच्चाराशी, ऐकलेला आवाज तोंडात उतरवण्याशी. खालून जाणारी जुडगी वेगळी. त्यातलं एक मागच्या, पाहण्याच्या भागापासून थेट कपाळामागच्या भागापर्यंत लांबलचक जातं. दुसरं कानशिलाच्या टोकाला कपाळाच्या खालच्या भागाशी जोडतं आणि आकड्यासारखं वाकतं, म्हणून लॅटिन नावातही त्याला आकडाच म्हटलंय. नवापुरात त्याला गळ म्हणावं लागेल.

ही खालची वाट अर्थाची. ह्यूग द्युफो हे फ्रेंच शल्यविशारद रुग्णाला जागं ठेवून मेंदूची शस्त्रक्रिया करतात. रुग्ण चित्रांची नावं सांगत असतो आणि डॉक्टर सूक्ष्म विजेने एकेक जागा तपासत जातात, जेणेकरून कामाचं काही कापलं जाऊ नये. २००५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं, की त्या लांबलचक खालच्या जुडग्याला वीज लागली की रुग्ण नाव चुकवतो, आणि चुकवतो तेही अर्थाच्या शेजारातच. उच्चार धड, शब्द दुसरा. वीज काढली की पुन्हा नीट. वरच्या धनुष्याला लावली तर शब्दाचे आवाजच विस्कटतात. हे वाचलं तेव्हा मला पडवीतली चांदी ऐकू आली. अक्षर न् अक्षर स्वच्छ, आणि घर शेजारचं.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात ज्युलियस फ्रिड्रिक्सन, लिओनार्डो बोनिल्हा आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी हेच पुढे नेलं. स्ट्रोकने खाल्लेला भाग किती मोठा, एवढं मोजून भागत नाही. कोणाचं कोणाशी जोडलेलं तुटलं तेही मोजावं लागतं. वरून शाबूत दिसणारी वस्ती एकटी पडलेली असू शकते. पूल वाहून गेलेल्या गावासारखी. घरं उभी, चुली पेटलेल्या, आणि दूध येत नाही.

मग अर्थ राहतो कुठे? बोंबील घ्या. बोंबलाचा अर्थ म्हणजे काय? हातात घेतल्यावरचा तो लिबलिबीतपणा, उघडलेला जबडा, वाळल्यावरचा वास, तव्यावरचा आवाज, बाजारातला भाव, आणि मामीचा हात. हे सगळं मेंदूत एका डब्यात नाही. रूप पाहण्याच्या भागाजवळ, स्पर्श हाताच्या भागाजवळ, असं पसरलेलं. पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलं, की या सगळ्यांची मोट बांधणारा एक तुंबा कानशिलाच्या पुढच्या टोकाला असावा. चाकाच्या आऱ्या जिथे मिळतात तसा. एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हा तुंबाच झिजतो. तेव्हा शब्दही जातो आणि वस्तूही जाते. तशा रुग्णांनी बदक काढताना त्याला चार पाय काढलेले आहेत, कारण पाळीव जनावराला चार पाय असतात एवढंच त्यांच्याकडे उरलं. स्ट्रोकमध्ये हे टोक बऱ्याचदा वाचतं, त्याला रक्त दोन वाटांनी मिळतं म्हणून. मामाला बोंबील काढायला दिला असता तर त्याने पाय काढले नसते. कागद फेकून दिला असता.

आता परत पानाकडे. पिरॅमिडचं ते पान मी मामाला दाखवलं. फोनवर, चित्र मोठं करून. मामाने सूचीपर्णी झाडावर बोट ठेवलं. गुणांच्या हिशेबात चूक. पण मामाने इजिप्त कुठे पाहिलाय? त्याला दोन टोकदार गोष्टी दिसल्या. आणि झावळ्यांचं झाड त्याला परकं नव्हतंच, उलट फार ओळखीचं होतं, हीच अडचण. पालघरच्या माणसाला इंग्रजी ‘पाम’ ही एक जात माहीत नाही, त्याला सगळं घराणं सुटं सुटं माहीत असतं. ताड वेगळा, माड वेगळा, शिंदी वेगळी, पोफळ वेगळी. ताडाची ताडी, माडाची माडी. उन्हाळ्यात रस्त्याकडेला ताडगोळे. या झाडाचं नातं मडक्याशी, वर चढणाऱ्या माणसाच्या पायातल्या दोरीशी. पिरॅमिडशी कशाला असेल? चाचणी अर्थ तपासते खरी, पण कोणाच्या गावचा अर्थ, हे आधी ठरलेलं असतं. म्हणून भाषा बदलली की नुसती नावं बदलून भागत नाही, चित्रंही बदलावी लागतात.

म्हणून मी माझी पानं काढली. माझी चित्रकला शिंप्याच्या खडूइतकीच, पण चाललं. पहिलं पान: वर बोंबील, खाली सूर्य आणि बर्फाची लादी. मामाचं बोट सूर्यावर, क्षणाचाही विचार नाही. दुसरं: वर पापलेट, खाली तेच दोघं. बोट बर्फावर. बोंबील वाळतो, पापलेट बाहेरगावी जातं. बाजाराचा सगळा हिशेब त्या दोन हालचालींत होता. मामी मागून बघत होती. म्हणाली, “बाय, हे तर मला पण येतं.” मी म्हटलं, मामी, तुला येतं आणि मामाला येतं, म्हणजे मामाकडे ते आहे.

तिसऱ्या पानावर चित्र नाही, शब्द. वर लिहिलं ‘नांगर’. खाली ‘होडी’ आणि ‘बैल’. माझ्या मते मराठीतलं हे सगळ्यात कसदार त्रिकूट आहे, आणि ते कोणी रचलेलं नाही, भाषेत पडूनच होतं. जमिनीत घुसणारा तो नांगर आणि समुद्राच्या तळात रुतणारा तोही नांगर. दोन्हीकडे लोखंडाचं टोक मातीत जातं. एक पुढे ओढत नेण्यासाठी, एक जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी. दोन्ही उत्तरं बरोबर. मामाने होडीवर बोट ठेवलं. अपेक्षितच होतं. मग मी होडी झाकली आणि तिथे ‘रेती’ लिहिलं. आता बैल निवडायला हवा, आणि त्यासाठी मनातला पाण्यातला नांगर उचलून बाजूला ठेवायला हवा. मामा अडला. बोट दोन्हींमध्ये फिरत राहिलं. मग रेतीवर टेकलं. तळाशी रेतीच असते ना, चुकला कुठे? पण त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, की बैल कुठेतरी आहे आणि त्याच्यापर्यंत जाता येत नाहीये.

एलिझाबेथ जेफरीज आणि मॅथ्यू लॅम्बन राल्फ यांनी २००६ साली दोन प्रकारच्या रुग्णांना शेजारी ठेवून हेच दाखवलं. ज्यांचा तुंबा झिजलेला, त्यांची एखादी गोष्ट गेली की सगळीकडून गेली. चित्र दाखवा, शब्द दाखवा, मदत करा, नाहीच. स्ट्रोकने अर्थ चुकवणाऱ्यांचं तसं नाही. एका चाचणीत जमलेली गोष्ट दुसरीत फसते, आणि पहिला उच्चार कानावर घातला की शब्द बाहेर येतो. म्हणजे भांडार आहे, पण अनेक अर्थांतून आत्ताचा हवा तो पुढे काढायचा आणि नको तो मागे रेटायचा, ही तांडेलगिरी बिघडलेली असते. त्या कामाला कपाळामागचा भाग आणि कानामागचा भाग मिळून लागतात, मधल्या तंतूंसकट. यातली गंमत, खरं तर क्रूर गंमत, अशी की मदत चुकीची दिली तर माणूस चुकीकडेही जातो. वाघाचं चित्र समोर असताना सिंहाच्या नावाचा पहिला आवाज दिला तर सिंह म्हणून बसतो.

मी ते करून पाहिलं नाही. मी बरोबर आवाज दिला. माशाचं चित्र समोर ठेवून “पा...” म्हटलं. मामाचे ओठ जुळले, थांबले, आणि “पापलेट” बाहेर आलं, इतक्या सहज की मामीने हातातलं सूप खाली ठेवलं. मग तिने स्वतः सुरू केलं. दिवसभर घरात अर्धे शब्द. “चा...” “च... चहा.” “टा...” “टावेल.” तिसऱ्या दिवशी मामा चिडला, कारण प्रत्येक गोष्टीला कोणी शाळा घेतलेली कोणाला आवडते?

वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी, किंवा जिथे वाणीउपचार मिळतात तिथे, शब्दाकडे आणखी एका वाटेने नेतात. मध्ये चित्र, भोवती प्रश्न: ही कशाची जात, हे कशाला वापरतात, हे काय करतं, दिसतं कसं, असतं कुठे, यावरून काय आठवतं. एका वाटेने शब्द आला नाही तर पाच वाटांनी त्याच्या घराला वेढा घालायचा. हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं. दहावीच्या रसग्रहणाचे खण हेच तर आहेत. फरक इतकाच, की माझी मुलं खण भरून कवितेपासून लांब जातात आणि इथे खण भरत भरत माणूस शब्दाच्या दाराशी येतो.

प्रौढ माणसाच्या मेंदूतलं तुटलेलं जुडगं पुन्हा जसंच्या तसं जुळत नाही. उरलेल्या वाटा वापरून वापरून रुळतात. नवापूरच्या बायका बोईसरचा रस्ता खणून ठेवला की आडवाटेने पाट्या घेऊन जातात, तसं. वेळ लागतो, पायाला फोड येतात, पण बाजार चुकत नाही. मामाच्या बोलण्यात मला त्या आडवाटा ऐकू येऊ लागल्या आहेत. तो दिवा म्हणायला “रात्रीचं” म्हणतो, डॉक्टरला “पांढरा”. माझ्या मुलीला तिचं नाव न घेता “छोटी मास्तर” म्हणाला. ते आम्ही ठेवून घेतलं.

शेवटचं पान मी केलं होतं, पण ते काढायची वेळ आली नाही. त्यावर ‘भांग’ हा शब्द होता. केसांत पाडतात तो, शिवरात्रीला घोटतात ती, आणि अष्टमीच्या सुमाराला समुद्राला लागतो तो. उधाण अमावास्या-पौर्णिमेला, तेव्हा पाणी खेचतं आणि डोल भरते. भांगाला पाण्यात जोर नसतो. जाळं तोंड उघडून नुसतं लोंबकळतं. एका शब्दात तीन घरं, आणि ती एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. नांगराच्या दोन घरांत मामा अडला होता. इथे तीन, म्हणून मी हे पान पिशवीत तळाशी ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी मामी पायरीवर पाटी घेऊन उभी. “आज बंदरावर काही मिळेल का हो?” तिने सवयीने विचारलं, दोन वर्षं उत्तर मिळत नसतानाही. मामाने आभाळात दिवसा उरलेल्या अर्ध्या चंद्राकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

“भांग,” तो म्हणाला.

मामीने पाटी खाली ठेवली आणि आत जाऊन सुक्या बोंबलांचा डबा काढला.